दोन नावं, एकच बाई

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाचकभगिनीचं पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील बदलले आहेत. वय 47. माहेरी आणि शाळेत त्यांचं नाव सुलभा. 2001 साली लग्न झालं, तेव्हा ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं ते वैदेही. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, बँकेचं पासबुक, सगळं वैदेही नावाने आणि सासरच्या आडनावाने. सुलभा उरली ती शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि माहेरच्या जुन्या रेशनकार्डावर. गेल्या वर्षी वडील वारले. घर, मागचं परडं, काजूची बाग आणि सामाईक कातळ यांची वारस नोंद करायला त्या तलाठ्याकडे गेल्या, तर वारसांच्या यादीत सुलभा आणि हातातलं आधार वैदेहीचं. नाव जुळत नाही म्हणून कागद परत आले. कार्यालयाबाहेरच्या एका माणसाने सांगितलं, कोर्टातून नाव बदलून आणावं लागेल, पंचवीस हजार रुपये लागतील. अमेरिकेतला भाचाही फोनवर म्हणाला की तिकडे जज्जापुढे अर्ज करूनच नाव बदलतात. मुंबईचा भाऊ म्हणतो, “बाय, कित्याक त्या भानगडीत पडतंस? हक्कसोड करून टाक आणि मोकळी हो.” त्या विचारतात: कोर्टातून नाव कसं बदलायचं, किती दिवस लागतात, आणि घरात कोणाला वाईट न वाटता हे होईल का?

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कोर्ट कुठलं, वकील कसा शोधायचा, खर्च किती, सगळं तुम्ही विचारलं आहे. पण कुठलं नाव सोडून कुठलं घ्यायचं, ते पत्रात कुठेच नाही. सुलभाचं वैदेही करायचं? ते केव्हाच झालं. वैदेहीचं पुन्हा सुलभा करायचं? तसं तुम्ही म्हटलेलं नाही. मात्र पत्राखाली तुम्ही आधी ‘सुलभा’ लिहून खोडलं आहे आणि शेजारी ‘वैदेही’ लिहिलं आहे. खोडलेलं नाव अजून वाचता येतं. त्याबद्दल शेवटी बोलूच, आधी जमिनीचं बघू, कारण तिथे घाई आहे.

मी तीसेक वर्षं सिंधुदुर्गात वकिली केली. नाव बदलायला आलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणींना नाव बदलायचंच नसायचं. आपली दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, एवढंच त्यांना कोणाला तरी पटवून द्यायचं असायचं. तुमचंही तेच आहे, असं मला वाटतं. आपल्याकडे लग्नात बाईचं नाव एका दिवसात तिन्ही जागी बदलतं: स्वतःचं, मधलं आणि आडनाव. कागदावर त्या दिवसापासून दोन वेगळ्या बायका उभ्या राहतात आणि त्या एकच आहेत हे सांगणारा कागद कोणी करून ठेवत नाही. यात तुमची चूक नाही. तुमचं कुठलंच नाव ‘चुकीचं’ नाही. पत्रात तुम्ही तीन ठिकाणी ‘माझं नाव चुकलं’ असं लिहिलं आहे, ते आधी मनातून काढून टाका.

आता कोर्टाचं. तुमचा भाचा खोटं सांगत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत नाव बदलायला कोर्टात अर्ज करतात, न्यायाधीश आदेश देतात आणि त्या आदेशावरून बाकीचे कागद बदलतात. महाराष्ट्रात तशी रीत नाही. सज्ञान माणसाने आपलं नाव काय ठेवावं यासाठी आपल्याकडे कोर्टाची परवानगी लागत नाही. प्रतिज्ञापत्र करायचं, शासन राजपत्रात जाहिरात द्यायची आणि त्यावरून कागद बदलून घ्यायचे, ही इथली रोजची वाट. आपलं नाव हा घटनेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा, म्हणजे कलम 19(1)(अ) चा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये सीबीएसईविरुद्धच्या जिग्या यादव प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. दुरुस्ती आणि बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्याच निकालात आहे. दुरुस्ती म्हणजे जे आधीपासून होतं ते नीट लिहिणं, बदल म्हणजे नवं घेणं. तुमच्या जमिनीच्या कामाला या दोहोंपैकी काहीच लागत नाही.

कारण वडील वारले तेव्हा त्यांची मुलगी वारस झाली. तिला लोक कुठल्या नावाने हाक मारतात याच्याशी वारसाहक्काचा संबंध नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस आहे, आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही ती मुलासारखीच सहहिस्सेदार झाली. सात-बारावर नाव लागणं ही त्या हक्काची नोंद आहे. तलाठ्याला खात्री हवी आहे ती एवढीच, की समोर बसलेली वैदेही हीच त्या माणसाची मुलगी सुलभा.

ती खात्री देणारा सर्वांत चांगला कागद म्हणजे लग्नाच्या नोंदणीचा दाखला, कारण त्यात माहेरचं नाव आणि नवऱ्याचं नाव एकाच कागदावर येतात. 2001 साली नोंदणी केली नसेल तर आता करा. उशिरा झालेली नोंदणीही दंड भरून होते, आणि गावात ते काम ग्रामपंचायतीतच होतं. जुनी लग्नपत्रिका शोधा. कोकणात पत्रिका देवघरातल्या फळीवर नाहीतर ट्रंकेत सापडतेच. तिच्यावर ‘चि. सौ. कां. सुलभा’ आणि वडिलांचं नाव असेल. शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांच्या रेशनकार्डाची प्रत आणि सोबत एक प्रतिज्ञापत्र जोडा. त्यात साध्या भाषेत लिहा की माझं माहेरचं नाव अमुक, अमुक तारखेला अमुक व्यक्तीशी लग्न झालं, तेव्हापासून माझं नाव अमुक, आणि दोन्ही नावं माझीच आहेत. सरकारी कार्यालयात द्यायच्या अशा प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, त्यामुळे ‘आधी स्टॅम्प आणा’ असं कोणी म्हटलं तर शांतपणे तसं सांगा. तुमच्या भावाचंही एक प्रतिज्ञापत्र जोडता आलं तर उत्तम. सख्ख्या भावाने ‘ही माझी बहीण, हिची ही दोन्ही नावं’ असं लिहून दिलं की बरंच काम होतं.

वारस नोंदीच्या अर्जात आपलं नाव लिहिताना एक शब्द विसरू नका: ऊर्फ. ‘सुलभा, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव ऊर्फ वैदेही, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव.’ फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातला बदल नोंदवतात त्या नोंदीत, असंच लिहा म्हणावं. अर्ज आधी गाव नमुना 6-क या वारसांच्या नोंदवहीत जातो, मग फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कोणी हरकत घेतली तर प्रकरण 6-अ या विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. महसूल खात्याच्या ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन अर्जही करता येतो. माझा सल्ला, ऑनलाइन कराच, कारण त्याचा अर्ज क्रमांक मिळतो. हातोहात दिलेला कागद हातोहात परत करता येतो, तुमच्या बाबतीत तेच झालं. ऑफलाइन दिलात तर पोच घेतल्याशिवाय उठू नका, आणि नकार मिळाला तर तो लेखी मागा. प्रमाणित झालेल्या किंवा नामंजूर झालेल्या नोंदीविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील करता येतं. तारीख असलेला कागद हातात नसेल तर हे 60 दिवस कुठून मोजायचे तेच कळत नाही.

आता हक्कसोडीबद्दल. भाऊ वाईट नसेल. कदाचित त्याला खरंच वाटत असेल की बहिणीला त्रास नको. पण बघा, प्रश्न होता नाव जुळत नाही हा, आणि उत्तर आलं जमीन सोड हे. या दोहोंचा काय संबंध? शिवाय हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. तिथेही ओळखपत्र लागणारच, तिथेही वारस सुलभा आणि आधार वैदेहीचं असणारच. म्हणजे नावाची अडचण हक्क सोडतानाही सुटत नाही, फक्त ती सोडवायची घाई अचानक सगळ्यांना होते. मी हे अनेक घरांत पाहिलं आहे आणि दर वेळी मला त्याचं फार वाईट वाटलं आहे. गणपतीला सगळे गावी जमतात, कागद आधीच टाइप करून आणलेला असतो, आणि बाई ‘नको ती कटकट’ म्हणून सही करते. एकदा नोंदलेलं हक्कसोडपत्र रद्द करायचं तर फसवणूक किंवा दबाव सिद्ध करायला दावाच लावावा लागतो. तुम्हाला मनापासून भावाला हिस्सा द्यायचा असेल तर जरूर द्या, तो तुमचा अधिकार आहे. पण आधी सात-बारावर तुमचं नाव लागू दे, मग सहा महिन्यांनी शांतपणे ठरवा.

कोर्ट लागतंच कुठे, हेही सांगते, कारण कधीकधी ते लागतं.

समजा उद्या कोणी म्हणालं, ही सुलभा नव्हेच, किंवा त्यांना सुलभा नावाची मुलगीच नव्हती. किंवा एखादं कार्यालय सगळे कागद बघूनही दोन नावं एकाच व्यक्तीची मानायला लेखी नकार देतं. मग तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 34 खाली घोषणेचा दावा लावता येतो. यात कोर्ट तुम्हाला नवं नाव देत नाही. सुलभा आणि वैदेही ही एकच व्यक्ती आहे आणि ती अमुक यांची मुलगी आहे, असं ते जाहीर करतं. कार्यालयाबाहेरचा तो माणूस ‘कोर्टातून नाव बदलून आणतो’ म्हणाला, तसलं काही कोर्टात होत नाही.

अशा दाव्यात चार गोष्टींवर माणसं अडकतात. घोषणा फक्त दाव्यातल्या पक्षकारांनाच बांधते, तसं कलम 35 सांगतं. म्हणून सगळी भावंडं आणि ज्यांचा हितसंबंध आहे ते सगळे प्रतिवादी असायला हवेत. भावाला वाईट वाटेल म्हणून त्याला वगळून मिळवलेला हुकूम नंतर त्याच्याविरुद्ध उपयोगाचा नसतो. दुसरं, सरकारला पक्षकार करायचं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस देऊन दोन महिने थांबावं लागतं. तिसरं, फक्त घोषणा मागून चालत नाही. तिच्या पुढची मागणी, म्हणजे वाटप किंवा ताबा, करता येत असूनही केली नाही तर कोर्ट घोषणाही देत नाही. आणि चौथं, मुदत: दावा लावण्याचं कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून तीन वर्षं. नकार लेखी घ्या असं मी वर म्हटलं, त्याचं हेही कारण.

एक गोष्ट मात्र दिवाणी कोर्टात मागता येत नाही. अधिकार अभिलेखात अमुक नोंद घ्या, असा दावा सरकारविरुद्ध चालत नाही, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 158 ने त्याला बंदी आहे. नोंदीसाठी महसूल अधिकारी आणि हक्कासाठी दिवाणी कोर्ट, अशा या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. वडिलांच्या बँकेतल्या ठेवींचं प्रकरण असेल तर त्याला 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र असतं, आणि वारस कोण हे एकदा कोर्टाकडून ठरवून घ्यायचं असेल तर आपल्या जुन्या मुंबई इलाख्याचा 1827 चा आठवा विनियम आजही वारस दाखल्यासाठी वापरतात. हे सगळे वेगवेगळे अर्ज आहेत. वकिलाला विचारताना ‘कोर्टाचा कागद हवा’ असं मोघम म्हणू नका, कोणता आणि कशासाठी ते विचारा.

दाव्यात पुरावा कसला लागतो? शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्मनोंद, लग्नाचा दाखला, आणि नातं स्वतः जाणणारी माणसं. तुमच्या मावशी आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. त्यांनी तुम्हाला बारशापासून पाहिलं आहे, अशी साक्ष फार मोलाची. जन्मनोंद काढलीत तर एक शक्यता मनात ठेवा: त्या काळच्या कित्येक नोंदींत तारीख आणि आईबापाचं नाव असतं, बाळाच्या नावाची जागा कोरीच असते. तसं दिसलं तर घाबरू नका. नोंद तुमचीच आहे. कोऱ्या जागी नाव भरून घेता येतं का, ते ग्रामपंचायतीत विचारा. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्याच्या कलम 14 मध्ये त्याची सोय आहे, आणि तिथे कोर्टाचा हुकूम लागत नाही.

खर्चाची भीती धरू नका. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 ने दिला आहे. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या इमारतीतच असते, आणि 15100 या क्रमांकावर फोन केला तरी चालतं. मालमत्तेच्या वादात महाराष्ट्रात स्त्रियांना 1994 पासून न्यायालय शुल्कही माफ आहे. पंचवीस हजार मागणाऱ्याने यातलं काही सांगितलं नसेल. आणि प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेलंच, तर ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबई गाठावी लागत नाही. तुमचं प्रकरण तिथवर जाईल असं मला वाटत नाही.

आता त्या खोडलेल्या नावाकडे येते.

जमिनीचं काम ‘ऊर्फ’ने होईल. पण तुम्हाला मनातून पुन्हा सुलभा व्हायचं असेल, तर त्याला जमिनीचं निमित्त नको. तुम्हाला वाटतं एवढं कारण पुरे आहे. लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, आणि बदललेलं परत घ्यायला बंदीही नाही. त्याची वाट राजपत्राची. मुंबईच्या चर्नी रोडला शासनाचं मुद्रण आणि प्रकाशनाचं संचालनालय आहे, पण तिथवर जावं लागत नाही, अर्ज त्यांच्या संकेतस्थळावर भरता येतो. जुनं नाव, नवं नाव, कारण, जुन्या नावाचा पुरावा, फोटो, सही, फी. मग साप्ताहिक राजपत्राच्या भाग दोनमध्ये नाव छापून येतं आणि ती प्रत उतरवून घेता येते. मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग दोन जणांकडून तपासून घ्या. सुलभामधला ‘भ’ इंग्रजीत एका जागी एका तऱ्हेने आणि दुसरीकडे दुसऱ्या तऱ्हेने लिहिलात, तर पुन्हा तीच पायपीट.

मात्र हे करण्याआधी एका दुपारी वही घेऊन बसा आणि वैदेही हे नाव कुठेकुठे आहे ते लिहून काढा. आधार, पॅन, मतदार यादी, बँक, गॅस, विमा, नवऱ्याच्या खात्यावरचं वारसदार म्हणून नाव, मुलांच्या दाखल्यांवर आई म्हणून नाव. हे सगळं एकेक करून बदलावं लागतं, आणि मधल्या काळात आधारशी जोडलेल्या खात्यात येणारे पैसे अडकू शकतात. आधारवर नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येतं. तुमचं लग्नानंतर आधार निघालं तेव्हाच वैदेही नाव होतं, म्हणजे दोन्ही संधी बहुधा शिल्लक असतील. त्या जपून वापरा. राजपत्राने जुने दाखले आपोआप बदलत नाहीत हेही लक्षात ठेवा. राजपत्राची प्रत सोबत जोडून ते दाखवायचे असतात. वारस नोंदीचं काम चालू असताना तर हे मुळीच सुरू करू नका, नाहीतर तलाठ्यापुढे तिसरं नाव उभं राहील.

आणखी एक वाट आहे, ती तुम्हाला कोणी सुचवलेली दिसत नाही. सुलभा, मग नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. स्वतःचं नाव परत घ्यायचं आणि आडनाव तसंच ठेवायचं. सासूबाईंना वाईट वाटेल या भीतीने तुम्ही अर्धं पत्र लिहिलं आहे, आणि नवऱ्याशी याबद्दल एकदा तरी बोललात का, त्याबद्दल एक ओळही नाही. बोला. ‘तुम्ही ठेवलेलं नाव मला आवडत नाही’ असं म्हणायची गरज नाही, ते खरंही नसेल. ‘बाबा गेल्यापासून मला त्यांनी मारलेली हाक आठवते’ एवढं सांगा. तुमच्या पत्रातलं सर्वांत खरं वाक्य मला तेच वाटलं. ऐकल्यावर ते गप्प बसले तर त्यांना चार दिवस द्या. घरात वैदेही आणि कागदावर सुलभा, किंवा उलटं, अशा कितीतरी बायका सुखाने नांदतात. माझी आत्या मरेपर्यंत तीन नावांनी ओळखली जायची आणि तिन्हींना ओ द्यायची.

आणखी काही वाचकांची याच विषयावर पत्रं आली आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. मुलाच्या नावातली चूक शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडून दुरुस्त करून घ्या, दहावीचा फॉर्म भरण्याआधी. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमधली नोंद बदलणं फार अवघड होतं. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव मधे येतंच, त्याआधी जन्मलेल्यांना ते घ्यायचं असेल तर राजपत्राचीच वाट आहे. आणि विभक्त आईवडिलांमध्ये मुलाच्या आडनावावरून वाद असेल तर राजपत्राच्या मागे लागू नका, तिथे खरोखरच कोर्टाकडे जावं लागतं.

ताई, तुमच्यासाठी या आठवड्याचं काम एवढंच: ग्रामपंचायतीतून लग्न नोंदणीचा अर्ज आणा आणि ट्रंकेतली पत्रिका शोधा. वारस नोंदीचा अर्ज त्यानंतर. भावाचा फोन आला तर सांगा, हक्कसोडीचं सात-बारावर माझं नाव लागल्यावर बघू, आधी मला ते प्रतिज्ञापत्र करून पाठव.